"मला काहीच वाटत नाही": लालबागच्या एका ताईंची केस

या ताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या ऑक्टोबर 2023 मध्ये. वय 43, राहायला लालबाग, फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला, घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. मी दादरला समुपदेशक म्हणून काम करते. केस लिहायला त्यांनी स्वतः होकार दिलाय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचायला दिलं तेव्हा एक गोष्ट काढा म्हणाल्या, ती काढलीये.

पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि पहिलं वाक्य काय तर, "मॅडम, मला तसा काही त्रास नाहीये, मी उगाच तुमचा वेळ घेतेय का माहीत नाही." मग हळूहळू सांगितलं. अनंत चतुर्दशीला लालबागच्या श्रॉफ बिल्डिंगजवळ विसर्जनाला निघालेल्या गणपतींवर पुष्पवृष्टी होते ना, ती त्या लहानपणापासून बघतायत, माहेर आणि सासर दोन्ही हाकेच्या अंतरावर. दरवर्षी तिथे उभं राहिलं की अंगावर काटा यायचा. यावेळी फुलं पडत होती, ढोल वाजत होते, बाजूची बाई रडत होती, आणि या टाळ्या वाजवत होत्या. "टाळ्या वाजवता वाजवता माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं मॅडम, म्हटलं हे हात वाजतायत, पण मी कुठेय? आत काहीच नव्हतं. वाईट पण नाही वाटत. काहीच नाही." घरी येऊन त्यांनी सगळ्यांना पोहे करून वाढले आणि झोपल्या.

कधीपासून असं होतंय विचारलं तर बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बहुतेक नेहमीच. आत्ता फक्त कळलं."

यांच्या घरात कुणालाच काही कळलं नव्हतं, आणि कळणार तरी कसं, पहाटे साडेपाचला उठून तीन डबे, सासूबाईंच्या गोळ्या, बस पकडून ऑफिस, एक दिवस उशीर नाही, संध्याकाळी परत ओट्याशी. सगळे म्हणायचे किती खंबीर आहे ही. मला या शब्दाचा खरंच राग येतो. कितीतरी बायकांना आपण खंबीर म्हणून म्हणून एकटं पाडलंय, कारण एकदा खंबीर म्हटलं की मग कुणी तिला काही विचारतच नाही.

पहिल्याच भेटीत मी पीएचक्यू-9, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते बघायचा फॉर्म, भरून घेतला. नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येकाला 0 (अजिबात नाही) ते 3 (जवळजवळ रोज), टोटल स्कोअर 0 ते 27, जितका जास्त तितका त्रास जास्त. यात पहिला प्रश्न गोष्टींमध्ये रस वाटतो का याचा आहे आणि दुसरा उदास वाटतं का याचा. ताईंनी पहिल्याला "जवळजवळ रोज" लिहिलं आणि दुसऱ्याला "अजिबात नाही". टोटल 13, म्हणजे मध्यम. घरचे किंवा अगदी फॅमिली डॉक्टरसुद्धा फक्त एवढंच विचारतात, उदास वाटतं का, टेन्शन आहे का, आणि समोरचा प्रामाणिकपणे नाही म्हणतो आणि विषय संपतो. डिप्रेशनमध्ये रडूच यावं असं नसतं. रस मरणं हेही तितकंच मोठं लक्षण आहे.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरण्याच्या विचारांबद्दल, त्यांनी 1 लिहिला होता. मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का, काही ठरवलंय का. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. त्या म्हणाल्या, "मरायचं नाहीये हो, पण मी नसते तरी चाललं असतं असं वाटतं." प्लॅन नव्हता, आधी कधी प्रयत्न नव्हता. तरी विचार वाढले तर आधी कुणाला फोन करायचा, घरात कुणाला सांगायचं हे आम्ही कागदावर लिहून काढलं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह केला, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांच्या परवानगीने नवऱ्यालाही थोडं सांगितलं.

मग तपासण्या. माझा आग्रह असतो की मनाचं म्हणून आल्या तरी आधी रक्त बघायचं, कारण थायरॉईड कमी असेल, बी-12 कमी असेल, रक्त कमी असेल तर माणूस असाच विझल्यासारखा होतो. यांचा थायरॉईड ठीक निघाला, बी-12 ठीक, पण हिमोग्लोबिन 9.2. बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. गेली दोन वर्षं पाळी खूप जात होती आणि "या वयात होतंच" म्हणून अंगावर काढलेलं. गायनॅककडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन-तीन महिन्यांत जिना चढताना लागणारी धाप गेली. थकवा कमी झाला. ते रिकामं वाटणं मात्र तसंच राहिलं, त्यामुळे एवढं तरी पक्कं झालं की सगळं खापर रक्तावर फोडता येणार नाही.

माझ्याकडे यायच्या आधी रात्री मोबाईलवर शोधून शोधून त्यांनी स्वतःला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे असं ठरवून टाकलं होतं, कारण तिथे सतत रिकामं वाटणं असं लिहिलेलं असतं. खूप घाबरल्या होत्या. हे लक्षण त्या निकषांमध्ये आहे हे खरं, पण निकष नऊ आहेत आणि त्यातले किमान पाच लागतात, नात्यांमधली टोकाची उलथापालथ, स्वतःला इजा करणं, रागाचे झटके, असं बरंच काही, आणि ते तरुणपणापासून दिसत आलेलं असतं. यांच्यात रिकामेपण सोडून त्यातलं काहीच नव्हतं. पालिकेच्या हॉस्पिटलमधल्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवलं, तिथल्या डॉक्टरांचं निदान दीर्घकाळ चालणाऱ्या डिप्रेशनचं आलं, ज्याला पूर्वी डिस्थायमिया म्हणायचे. मोठ्या माणसात दोन वर्षं किंवा जास्त, बहुतेक दिवस हे चालू असेल तर ते म्हणतात. मंद आचेवरचं असतं, म्हणून तर माणूस नोकरी करत राहतो.

आता लहानपण. मी विचारलं घरी कसं होतं, तर उत्तर ठरलेलं, "चांगलं होतं, कुणी मारलं नाही, काही झालं नाही." तीन भेटी हेच. खरं तर उत्तर त्यातच होतं, की काही झालंच नाही.

वडील गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ताई दोनेक वर्षांच्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते त्या संपात, आणि कित्येकांना काम परत मिळालंच नाही, त्यातलेच हे एक. वडील गॅलरीत बसून राहायचे. आईने दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवली, पहाटे चारला पाटा-वरवंट्याचा आवाज सुरू व्हायचा. आई वाईट नव्हती हो, उभी होती म्हणून घर उभं राहिलं. पण त्या घरात "तुला काय झालं?" हा प्रश्न विचारायला कुणाला उसंतच नव्हती. सातवीत असताना शाळेत पडून हात मोडला, तर या मोडक्या हाताने घरी येऊन आधी डब्यांना झाकणं लावत बसल्या, रात्री हात सुजला तेव्हा आईला कळलं. हे त्यांनी मला हसत सांगितलं. मी नाही हसले, तेव्हा त्या जरा गोंधळल्या.

मला या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे दिसते. मारझोड झाली तर निदान आठवण राहते, बोट ठेवायला जागा असते. पण रडल्यावर कुणी जवळ घेतलं नाही, घाबरल्यावर कुणी बघितलं नाही, हे वर्षानुवर्षं चाललं तर मूल काय शिकतं? की हे आतलं जे काही आहे त्याचा कुणाला उपयोग नाही, तर बंद ठेवलेलं बरं. आणि एकट्या दुःखाचा नळ बंद करता येत नाही, मेन कॉकच बंद होतो, मग पुष्पवृष्टीला येणारा काटा पण जातो. भावनांसाठी शब्दच न सापडणं याला अलेक्झिथायमिया म्हणतात, 1970 च्या दशकात पीटर सिफनिऑस यांनी हा शब्द आणला. तो आजार नाही, एक ठेवण आहे, आणि बऱ्यापैकी शिकून बदलते.

इथे माझीही एक चूक झाली. मी सुरुवातीला दर भेटीत विचारत होते, आत्ता काय वाटतंय? आणि त्या दर वेळी "काही नाही" म्हणून खाली बघायच्या. पाचव्या भेटीत म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही हे विचारलं की तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं." मला फार वाईट वाटलं. ज्याची भाषाच कुणी शिकवली नाही त्यात मी उत्तर मागत होते. मग उलटं केलं. मी एका कागदावर आपले नेहमीचे शब्द लिहिले, सुन्न, भकास, उदास, ओकंबोकं, रितं, कोरडं, बधिर, विटलेलं, आणि म्हटलं यातला कुठला नाही ते सांगा. उदास खोडला, भकास खोडला, विटलेलं खोडला. सुन्न वर थोडा वेळ पेन थांबलं, मग तोही खोडला. बधिर राहिला. "दात काढताना इंजेक्शन देतात ना, ओठ असतो, पण आपला वाटत नाही, चहा पिताना बाहेर ओघळतो. तसं." पाच भेटींत पहिल्यांदा त्यांनी स्वतःबद्दल काहीतरी नेमकं सांगितलं होतं. आणि शब्द पण किती बरोबर निवडला, कारण बधिर म्हणजे नाहीसं झालेलं नव्हे.

मग काम सुरू केलं ते करण्यापासून. वाटेल तेव्हा करू म्हणून वाट बघत बसायचं नाही, आधी करायचं, वाटणं मागून येतं. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. 1996 मध्ये अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एवढा एकच भाग, पूर्ण कॉग्निटिव्ह थेरपीइतकाच (त्यात विचार बदलण्यावरही काम करतात) डिप्रेशनवर चालला होता. ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकठीण.

यांना मी विचारलं, जेवता कधी? तर म्हणाल्या सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याजवळ उभ्यानेच, उरलेलं, गार. वीस वर्षं. ठरलं की रोज रात्री बसून जेवायचं, पहिल्या वाढपात, गरम, मोबाईल-टीव्ही बंद, आणि वहीत एक आकडा लिहायचा, जेवताना किती जाणवलं, 0 ते 10. सासूबाईंना पहिल्या दिवशी वाटलं सून आजारी आहे. अकरा दिवस वहीत नुसती शून्यं. वही दाखवताना त्यांना लाज वाटत होती, मी म्हटलं अकरा दिवस बसून जेवलात ना, मला तेच हवं होतं. बाराव्या दिवशी लिहिलेलं होतं, "1. वरण गरम होतं. जीभ भाजली." ती वही अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, अकाउंट्सवाल्यांचं असतं तसं नेटकं अक्षर आणि भाजली या शब्दाखाली रेघ.

रविवारी शाळेतल्या एका मैत्रिणीसोबत शिवाजी पार्कला एक चक्कर आणि मग कट्ट्यावर बसणं, हे दुसरं. कृतज्ञतेची डायरी पण मी देऊन बघितली, ती मात्र पूर्ण फसली, कारण जिने आयुष्यभर "आपलं चांगलंच चाललंय" म्हणूनच सगळं दाबलं तिला पुन्हा तेच लिहायला लावणं चुकीचंच होतं. दोन आठवड्यांत बंद केली.

डॉक्टरांनी डिप्रेशनवरची एसएसआरआय गटातली गोळी दिली होती. महिनाभरात झोप सुधारली. डोस वाढवल्यावर मात्र म्हणाल्या, आता आणखीनच काही वाटत नाही. हे होतं काही जणांना या गोळ्यांनी, भावना बोथट होतात, आणि ज्याची तक्रारच ती आहे त्याच्या बाबतीत यावर लक्ष ठेवायलाच हवं. मी एवढंच सांगितलं की मनाने बंद करू नका, अचानक सोडल्या तर चक्कर, झिणझिण्या, बेचैनी असं काय काय होतं, डॉक्टरांना हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. डॉक्टरांनी डोस कमी केला, पंधरा-वीस दिवसांत फरक पडला.

आणि मग फेब्रुवारी-मार्च 2024. मुलाची बारावीची परीक्षा चालू आणि घरात ताईंचा आवाज चढायला लागला. चहात साखर कमी म्हणाल्या म्हणून सासूबाईंवर ओरडल्या, स्टीलची वाटी मोरीत आपटली तिला पोचा आला, ऑफिसमध्ये एकाला सगळ्यांसमोर सुनावलं की माझ्या टेबलवर तुझ्या फाइली टाकत जाऊ नकोस. रात्री छातीत दुखल्यासारखं व्हायचं. नवऱ्याचा मला फोन, "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्याकडे यायच्या आधी बरी होती ती. थांबवूया का हे?"

बऱ्याच केसेस इथेच अर्धवट सुटतात. म्हणून मी त्या दोघांना एकत्र बोलावलं. आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं, कारण गोळी सुरू झाल्यावर एकदम चिडचिड वाढली तर कधी कधी आतला बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, वर येत असतो, झोपेची गरज कमी झालीये का, बोलणं-खर्च सुटलाय का हे बघावंच लागतं. तसं काही नव्हतं. मग मी नवऱ्याला ताईंचाच शब्द सांगितला. म्हटलं, मांडी घालून खूप वेळ बसलं की पाय बधिर होतो, तेव्हा तो दुखत नाही. उठून टेकवला की मुंग्या येतात, पाय टाकवत नाही, ओरडावंसं वाटतं. दुखतंय म्हणजे पाय बिघडला का? ते गप्प झाले. मग विचारलं, "किती दिवस टिकेल मुंग्या येणं?" मी खोटं सांगितलं नाही, म्हटलं माहीत नाही, काही महिने पण जातील. माझ्या बघण्यात राग बऱ्याचदा आधी परत येतो, आणि यांच्याकडे तर चाळीस वर्षांचा साठलाय. त्यांनी बायकोकडे बघून विचारलं, "मी काय करू?" ताई म्हणाल्या, "मी ओरडले की शांत हो म्हणू नका. काय झालं विचारा." सातवीतल्या त्या मोडक्या हाताला जे कुणी विचारलं नव्हतं, तेच.

नवऱ्याने तो शब्द पाळला याचं मला फार कौतुक आहे. रोज जमलं नाही, पण पाळला. रागात माणसांवर भांडी पडू नयेत म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या होत्या, चढायला लागला की गॅलरीत जाऊन गार पाण्याने मनगटं धुवायची, आणि सासूबाईंची माफी मागायची असेल तर ओरडल्याची मागायची, राग आल्याची नाही.

मे महिन्यात त्या लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला करायला गेल्या. दरवर्षी जातात. बेडगी, काश्मिरी, थोडी लवंगी घेतली, धणे, दगडफूल, मसाला भाजायला दिला आणि कांडपाच्या मशीनजवळ पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. तिथे सगळ्यांनाच ठसका लागतो, सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. यांच्याही आलं. पण त्या वासात एकदम आईची खोली आली, पहाटेचा वरवंटा आला. आई जानेवारी 2019 मध्ये गेली तेव्हा तेराव्यापर्यंतचं सगळं यांनीच निभावलं होतं आणि डोळ्यातून टिपूस नाही. पुढे खोली विकली तेव्हा भावाने तो पाटा-वरवंटा कुणाला तरी देऊन टाकला, तेव्हाही या काही बोलल्या नव्हत्या. "मिरचीचं पाणी कधी थांबलं आणि मी कधी रडायला लागले ते कळलंच नाही मॅडम. मशीनवाल्याने स्टूल दिलं बसायला." अर्धा तास बसल्या होत्या. तो म्हणत होता, ताई मिरची लय तिखट आहे यंदा.

त्यानंतरचा दीड महिना कठीण गेला. पाच वर्षं उशिरा सुतक लागल्यासारखं. बसमध्ये रडायच्या, ऑफिसच्या बाथरूममध्ये रडायच्या. पीएचक्यू-9 चा दुसरा प्रश्न, जो ऑक्टोबरमध्ये शून्य होता, तो आता 2. कागदावर बघणाऱ्याला वाटेल तब्येत घसरली, मी मात्र पहिला प्रश्न बघत होते, तो 3 वरून 1 वर आला होता. दर भेटीत नववा प्रश्न पुन्हा विचारत होते, तो शून्यावर गेला आणि शून्यावरच राहिला. आम्ही त्या काळात फार काही केलं नाही, त्या आईबद्दल बोलायच्या आणि मी ऐकायचे. एकदा आईवर चिडल्या, एकदा आईची दया आली, एकदा दोन्ही एकाच वाक्यात.

सप्टेंबर 2024 ला अनंत चतुर्दशीनंतरच्या भेटीला आल्या तेव्हा लंगडत होत्या. म्हटलं काय झालं, तर म्हणाल्या गर्दीत कुणीतरी बुटाने पाय तुडवला, नखच गेलं. "आणि मी एवढ्या जोरात ओरडले ना त्याच्यावर, मुलगा म्हणतो आई ढोल पण थांबले असतील." काटा आला का अंगावर, हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "थोडासा आला. मग पाय दुखायला लागला."

स्कोअर आता 6 आहे. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे, भेट महिन्यातून एकदा. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास बस लालबागच्या पुलाजवळ आली की अजूनही काही दिवस ते बधिरपण येतं, तेव्हा त्या एक स्टॉप आधी उतरून चालत घरी जातात. भावाशी पाट्याबद्दल अजून बोलणं झालेलं नाही. दिवाळीत भाऊबीजेला बोलेन म्हणतात, काय बोलायचं ते वहीत लिहायला घेतलंय, दोन पानं झालीत.